भाडेकरू गेला, किल्ली त्याच्याकडेच

न्हावा शेवाचं नाव घेतलं की लोकांना उंच क्रेन, रंगीबेरंगी कंटेनर आणि करळ फाट्यापर्यंत गेलेली ट्रेलरची रांग आठवते. २६ मे १९८९ ला जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं आणि इथल्या दोन गावांची नावं जोडून जगभरच्या बिल ऑफ लेडिंगवर छापली जाऊ लागली. बंदराचं हे रूप सगळ्यांना ठाऊक आहे. पण इथला माल खऱ्या अर्थाने हलतो तो उरण, द्रोणागिरी, पनवेल, कळंबोली, बेलापूर इथल्या छोट्या छोट्या ऑफिसांतून. दोन टेबलं, चार खुर्च्या, एक प्रिंटर आणि दिवसभर उघडा असलेला ई-मेल, एवढंच तिथलं भांडवल.

क्लिअरिंगच्या धंद्यात ज्यांचा दिवस जातो त्यांना हे सांगायला नको. जहाज येणार याची अरायव्हल नोटीस मेलने येते. आयातदार इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट मेलने पाठवतो. चेकलिस्ट मेलने जाते, मंजुरी मेलने येते. शिपिंग लाइनचं बिल, सीएफएसचं बिल, डिलिव्हरी ऑर्डरचा पाठपुरावा, सगळं मेलवर. आइसगेटवर बिल ऑफ एंट्री भरण्याच्या आधीचं आणि नंतरचं जवळजवळ सगळं काम त्या एका चौकटीत होतं. बिल ऑफ एंट्री भरायला उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५ हजार आणि त्यानंतर रोज १० हजार रुपये आकार लागतो. डीपीडीचा कंटेनर असेल तर ४८ तासांत बंदरातून उचलायचा असतो. अशा कामात एक मेल दोन तास उशिरा दिसला तरी त्याची किंमत रुपयांत मोजता येते.

आणि तरीही या ऑफिसांत आउटलुक उघडायला दोन-तीन मिनिटं लागतात, मध्येच ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ येतं, याचं कुणाला काही वाटत नाही. सकाळी कॉम्प्युटर चालू करायचा, आउटलुकवर क्लिक करायचं आणि चहा सांगायचा, असा क्रमच ठरून गेला आहे. मशीन जुनं झालं, नेट स्लो आहे, मेलबॉक्स भरलाय, अशी कारणं दिली जातात. ती कधी कधी खरीही असतात. पण एक कारण फारसं कुणी बघत नाही. आउटलुकच्या आत कोण कोण राहून गेलं आणि जाताना काय ठेवून गेलं, हे ते कारण. आज त्यावर लिहायचं आहे, कारण मला ही गोष्ट नुसत्या सफाईची वाटत नाही, जबाबदारीची वाटते.

ॲड-इन म्हणजे आउटलुकला बाहेरून जोडलेला छोटा प्रोग्राम. अँटिव्हायरस टाकला की तो आपलं ॲड-इन जोडतो. पीडीएफचं सॉफ्टवेअर मेलची पीडीएफ करायचं बटण जोडतं. फॅक्सचं, ब्लूटूथने पाठवायचं, मोबाइलचे कॉन्टॅक्ट जुळवायचं, मीटिंगचं, ग्राहकांची नोंद ठेवायचं, प्रत्येकाचं एकेक. त्या त्या वेळी प्रत्येकाची गरज असते. पुढे अँटिव्हायरसची मुदत संपते, दुसऱ्या कंपनीचा घेतला जातो. फॅक्स इतिहासजमा होतो. स्काइप फॉर बिझनेसची ऑनलाइन सेवा ३१ जुलै २०२१ ला बंद झाली आणि सर्वसामान्यांचं स्काइप ५ मे २०२५ ला. सेवा गेली, कंपनी गेली, करार संपला, पण आउटलुकच्या यादीत नाव राहतं. काही वेळा सॉफ्टवेअर रीतसर काढून टाकलं तरी त्याची नोंद विंडोजच्या रजिस्ट्रीत शिल्लक राहते. मग आउटलुक रोज सकाळी त्या नोंदीप्रमाणे फाइल शोधायला जातं. फाइल सापडत नाही, कधी चुकीची सापडते, आणि आपण चहा पीत बसतो.

मायक्रोसॉफ्टलाही हे माहीत आहे. आउटलुकच्या २०१३ च्या आवृत्तीपासून प्रत्येक ॲड-इनला उघडायला किती वेळ लागतो हे मोजलं जातं. पाच वेळा उघडून मधला आकडा एका सेकंदापेक्षा जास्त आला तर आउटलुक ते ॲड-इन आपणहून बंद करतं आणि तसा निरोप दाखवतं. एक सेकंद! पण त्या निरोपाखाली ‘हे नेहमी चालू ठेवा’ असाही पर्याय असतो, आणि घाईत असलेला माणूस निरोप न वाचता काहीतरी दाबून मोकळा होतो.

वेळ वाया जातो हे नुकसान दिसतं. मला काळजी वाटते ती न दिसणाऱ्या नुकसानीची.

जुन्या पद्धतीचं, म्हणजे कॉम प्रकारचं ॲड-इन आउटलुकच्या पोटातच चालतं. आउटलुक जे वाचू शकतं, ते साधारणपणे तेही वाचू शकतं. ज्या कंपनीने ते बनवलं ती त्याची देखभाल करत असेल तोवर ठीक. तिने लक्ष काढून घेतलं की त्यात सापडलेली भोकं कुणी बुजवत नाही. नव्या पद्धतीची वेब ॲड-इन्स याहून वेगळी असतात. त्यांत आपल्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम उतरतच नाही. मेलबॉक्सला फक्त एक पत्ता जोडला जातो आणि बटण दाबलं की त्या पत्त्यावरचं पान आउटलुकच्या बाजूला उघडतं. म्हणजे आज त्या पत्त्यावर जो बसला असेल, तो आपल्या आउटलुकमध्ये बसला. उद्या तिथे दुसरा कुणी आला तर तो आत येतो. आपल्याला कुणी विचारत नाही.

हे नुसतं शंकेखोर माणसाचं बोलणं नाही. २०२६ च्या फेब्रुवारीत ‘ॲग्रीटू’ नावाच्या ॲड-इनची हकीकत बाहेर आली. मीटिंगची वेळ ठरवायचं साधं, चांगलं ॲड-इन. २०२२ च्या डिसेंबरात ते मायक्रोसॉफ्टच्या दुकानात तपासून घेतलं गेलं होतं. पुढे बनवणाऱ्याने ते काम सोडून दिलं आणि ज्या पत्त्यावरून ते चालत होतं तो पत्ता मोकळा झाला. कुणा चोराने तो पत्ता घेतला आणि तिथे मायक्रोसॉफ्टच्या लॉगिनसारखं खोटं पान लावलं. ज्यांच्या आउटलुकमध्ये ते ॲड-इन अजून होतं, त्यांना आउटलुकच्याच चौकटीत पासवर्ड मागितला गेला. कोई सिक्युरिटी या संस्थेला हे आढळलं तोवर चार हजारांहून जास्त खात्यांचे पासवर्ड गेले होते. यात वापरणाऱ्यांनी कुठल्याही संशयास्पद लिंकवर क्लिक केलं नव्हतं. फक्त एक जुनं बटण काढायचं राहिलं होतं.

आता हेच न्हावा शेवाच्या ऑफिसात घडलं तर काय होईल, याचा विचार करा. क्लिअरिंग एजंटच्या मेलबॉक्समध्ये काय नसतं? आयातदाराचा आयईसी, जीएसटी क्रमांक, केवायसीची कागदपत्रं, मालाची खरी किंमत, परदेशी पुरवठादाराचं नाव, बँकेचा खाते क्रमांक. पासवर्ड हाती लागलेला चोर लगेच काही करत नाही. तो वाचत बसतो. कुणाचं बिल कधी येतं, कोण कुणाला काय म्हणतं, ‘सर’ म्हणतं की ‘भाई’ म्हणतं, हे बघतो. एखादा नियम लावून ठेवतो, की अमुक पार्टीचे मेल आपोआप बाहेर जावेत. आणि मग एक दिवस, त्याच साखळीत, त्याच भाषेत मेल येतो की आमचं बँक खातं बदललं आहे, ड्यूटीचे आणि फ्रेटचे पैसे या खात्यावर पाठवा. पैसे जातात. कंटेनर यार्डात पडून राहतो आणि भाडं चढत जातं.

दुसऱ्याचे कागद आपल्याकडे विश्वासाने येतात. आमच्या घरांत त्याला अमानत म्हणतात, मराठीत ठेव म्हणा. ठेव सांभाळणारा माणूस ‘कुलूप होतं की’ एवढं म्हणून सुटत नाही. किल्ल्या किती आणि कुणाकुणाकडे आहेत, हेही त्यालाच माहीत असायला हवं. खोली भाड्याने देताना आपण आधार कार्डाची प्रत घेतो, अनामत घेतो. भाडेकरू निघाला की पहिल्यांदा किल्ली मागतो, कुणी तर कुलूपच बदलतो. मग मेलबॉक्समधून निघून गेलेल्या भाडेकरूकडून किल्ली कोण मागणार?

एका छोट्या प्रोग्राममुळे बंदर थांबू शकतं का, असं कुणी विचारील. इथल्या माणसाला याचं उत्तर जगातल्या कुठल्याही माणसापेक्षा जास्त ठाऊक असायला हवं. २७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक प्रोग्राम युक्रेनमधून जगभर पसरला. तो आला होता एम.ई.डॉक नावाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. मर्स्क या जहाज कंपनीचे कॉम्प्युटर एकामागून एक काळे पडले. मर्स्कच्या गटातल्या एपीएम टर्मिनल्सकडे न्हावा शेवाचं गेटवे टर्मिनल आहे, तेव्हा वर्षाला १८ लाख टीईयू क्षमतेचं. तेही बंद पडलं. कोणता कंटेनर कुठे ठेवला आहे हे सांगणारी यंत्रणाच नाही म्हटल्यावर लोकांनी कागद-पेन घेऊन काम चालवायचा प्रयत्न केला, आणि ट्रेलर रस्त्यावर उभे राहिले. हजारो मैलांवरच्या एका अपडेटची झळ आपल्या करळ, जासईच्या रस्त्यापर्यंत पोहोचली.

नंतर छापून आलेल्या वृत्तांतानुसार, मर्स्कच्या ओडेसा इथल्या ऑफिसात हे सॉफ्टवेअर एकाच कॉम्प्युटरवर टाकलेलं होतं. मर्स्कला पुढच्या दहा दिवसांत ४ हजार सर्व्हर, ४५ हजार कॉम्प्युटर आणि अडीच हजार ॲप्लिकेशन्स नव्याने उभी करावी लागली. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर्सच्या घरात गेलं. एम.ई.डॉक हे काही सोडून दिलेलं ॲड-इन नव्हतं, ते वापरातलं सॉफ्टवेअर होतं, हा फरक मला मान्य आहे. पण धडा तोच आहे. आपण आत घेतलेला प्रत्येक प्रोग्राम म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यातला एक दरवाजा. वापरात असलेल्या दरवाजाचा धोका पत्करावा लागतो, कारण त्यातून आपलं काम होतं. ज्यातून काहीच काम होत नाही, त्या दरवाजाचा धोका कशासाठी घ्यायचा?

‘चाचा, चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?’ ऑफिसातली तरुण मुलं असं म्हणतात. त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. शुक्रवारी संध्याकाळी बिल ऑफ एंट्री भरायची असताना एखादं ॲड-इन काढलं आणि आउटलुकच बंद पडलं, तर बोलणी त्यांनाच बसणार. साहेब ‘कुणी हात लावला?’ एवढंच विचारतात. म्हणून भीती खरी आहे. पण ती भीती काम टाळायला कारण होऊ शकत नाही. काम बेताने, पायरीपायरीने करायला मात्र ती कारण आहे. आणि ते तसं करता येतं.

आधी खात्री करून घ्या. कंट्रोलची कळ दाबून धरून आउटलुकच्या चिन्हावर क्लिक केलं की सेफ मोडमध्ये उघडायचं का, असं विचारलं जातं. त्यात ॲड-इन्स चालत नाहीत. तसं उघडल्यावर आउटलुक चटकन चाललं तर दोष मशीनचा किंवा नेटचा नाही. मग नेहमीसारखं उघडून फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स इथे जा. चालू, बंद आणि आउटलुकने स्वतः बंद केलेली, अशा वेगवेगळ्या याद्या दिसतील. त्यांचा फोटो काढून ठेवा. प्रत्येक नावापुढे फाइल कुठे आहे तेही दिसतं, त्यावरून ते कुणाचं हे कळतं. खाली ‘मॅनेज’मध्ये कॉम ॲड-इन्स निवडून ‘गो’ दाबा आणि जे ओळखीचं नाही किंवा वापरात नाही, त्यापुढची खूण काढा. एका वेळी एकच. अजून काहीही पुसलेलं नाही, खूण पुन्हा लावली की सगळं पूर्ववत. आठवडाभर काम करून बघा. कुणाला काही अडलं नाही, तर मग ते सॉफ्टवेअर विंडोजच्या प्रोग्रामच्या यादीतून अनइन्स्टॉल करा. त्याच खिडकीतलं ‘रिमूव्ह’ बटण फक्त यादीतली नोंद काढतं, प्रोग्राम काढत नाही, हे लक्षात असू द्या. खूण काढताच येत नसेल, तर ते ॲड-इन त्या मशीनवरच्या सगळ्यांसाठी बसवलेलं असतं. त्याला ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार लागतो.

सॉफ्टवेअर गेलं तरी नाव राहिलं, तर नोंद रजिस्ट्रीत असते. सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, ऑफिस, आउटलुक, ॲडइन्स अशा वाटेवर प्रत्येक ॲड-इनचा एक कप्पा असतो. त्यातल्या ‘लोडबिहेव्हियर’ या नोंदीत ३ असेल तर ते आउटलुकबरोबर सुरू होतं. हे काम मात्र ज्याला येतं त्यानेच करावं, आणि पुसण्याआधी त्या कप्प्याची प्रत एक्सपोर्ट करून ठेवावी.

नवं आउटलुक घेतलं की प्रश्नच मिटला, असं काही जण सांगतात. त्यात अर्धं खरं आहे. नव्या आउटलुकमध्ये कॉम ॲड-इन्स चालत नाहीत. पण वेब ॲड-इन कॉम्प्युटरला जोडलेलं नसतं, मेलबॉक्सला जोडलेलं असतं. मशीन फॉरमॅट करा, नवा लॅपटॉप आणा, आपण लॉगिन केलं की तेही मागोमाग येतं. ते मेलबॉक्सच्या ‘माय ॲड-इन्स’मधूनच काढावं लागतं, आणि कंपनीने सगळ्यांना लावलेलं असेल तर ॲडमिनला काढावं लागतं. शिवाय एखाद्या ॲपला ‘माझे मेल वाचायची परवानगी देतो’ असं आपण कधी म्हटलं असेल, तर ॲड-इन काढल्याने ती परवानगी रद्द होतेच असं नाही. ती खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन वेगळी काढायची. त्याच वेळी मेल आपोआप बाहेर पाठवणारा कुठला नियम लागलेला नाही ना, हेही बघून घ्यावं.

हे सगळं मिळून एका मशीनला अर्धा तास लागतो. मग होत का नाही? कारण हे कुणाचंच काम नाही. कॉम्प्युटरवाला वार्षिक करारावर असतो, तो बोलावल्यावर येतो आणि बिघडलं असेल तेवढं बघतो. मालकाला ॲड-इन हा शब्द माहीत नसतो. आणि डॉक्युमेंटेशनला बसलेली मुलगी, जिला रोज याचा त्रास होतो, तिच्याकडे ॲडमिनचा पासवर्ड नसतो. उशीर झाला की मात्र जाब तिला विचारला जातो. ज्याच्या हातात अधिकार नाही त्याच्याकडून जबाबदारीची अपेक्षा करणं हा आपल्याकडचा जुना रोग आहे, आणि तो कॉम्प्युटर आल्याने बरा झालेला नाही.

म्हणून माझं म्हणणं मालकांना आहे. आपल्या मशीनवर आणि मेलबॉक्सवर कोणती ॲड-इन्स आहेत, ती कुणी, कधी, कशासाठी लावली, याची एक साधी वही ठेवा. नवं सॉफ्टवेअर घेताना ते काढायचं कसं, हे विकणाऱ्याला तिथेच विचारा. कॉम्प्युटरवाल्याच्या वार्षिक करारात दर तीन महिन्यांनी ही यादी तपासण्याची एक ओळ घाला, आणि बिल देताना ती यादी मागा. माणूस नोकरी सोडून गेला की त्याचा मेल बंद करतो, तसं सॉफ्टवेअर सोडलं की त्याचं ॲड-इनही त्याच दिवशी निघालं पाहिजे. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे सायबर हल्ल्याची माहिती सहा तासांत कळवावी लागते. आपल्या घरात कोण कोण राहतं हेच ज्याला माहीत नाही, तो सहा तासांत काय कळवणार?

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनाही मोकळं सोडता येणार नाही. आत येताना ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ इतकं सोपं करायचं आणि बाहेर जाताना नोंदी तशाच टाकून जायच्या, याला चलाखी म्हणा किंवा आळस म्हणा, सौजन्य म्हणता येत नाही. मांडववालासुद्धा लग्न झाल्यावर बांबू उपटून नेतो आणि खड्डे बुजवतो. ज्या दुकानात ही ॲड-इन्स मिळतात त्या दुकानाने एकदा तपासून वर्षानुवर्षं विसरून जाऊ नये. बनवणारा हयात आहे का, त्याचा पत्ता त्याच्याच ताब्यात आहे का, हे दुकानदाराने ठरावीक काळाने बघायला हवं. पैसे घेताना जबाबदारी घेणारे आणि पुढे ती वापरणाऱ्यावर ढकलणारे सगळीकडे असतात. आपण निदान प्रश्न विचारायला शिकलं पाहिजे.

पण त्यांची वाट बघत बसायची गरज नाही. शनिवारी दुपारी काम थोडं सैल असतं. त्या वेळी मालकाने स्वतः डॉक्युमेंटेशनच्या खुर्चीशेजारी खुर्ची ओढून बसावं, यादी उघडायला सांगावी आणि एकेका नावावर बोट ठेवून विचारावं, ‘हे कुणाचं?’ ज्या नावाला उत्तर मिळणार नाही, त्यापुढची खूण त्याच दिवशी काढावी.